परक्यांच्या इतिहासातले घर : कार्ल रिस्तिकिवि यांच्या कादंबऱ्यांविषयी

निर्वासित लेखकाकडून वाचकाच्या काही ठरलेल्या अपेक्षा असतात. त्याने गमावलेल्या गावाविषयी लिहावे, तिथल्या झाडापेडांची, सणावारांची, माणसांची आठवण जागवावी, ज्यांनी त्याला देशोधडीला लावले त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी. हे त्याने केले तर आपण त्याला निर्वासितांचा प्रतिनिधी मानतो. केले नाही तर तो वास्तवापासून पळाला असा शेरा मारून मोकळे होतो. ही अपेक्षा वरकरणी सहानुभूतीची वाटते. माझ्या मते मात्र ती निर्वासित लेखकावर आणखी एक कुंपण घालते. एका राजवटीने त्याचा देश काढून घेतलेला असतो, आणि वाचक त्याच्याजवळचे बाकीचे जगही काढून घेऊन त्याला केवळ हरवलेल्या देशाच्या हवाली करतो. हे म्हणणे स्पष्ट करण्यासाठी मी एस्टोनियन कादंबरीकार कार्ल रिस्तिकिवि (१९१२–१९७७) यांचे उदाहरण घेणार आहे. देश सुटल्यानंतरच्या उत्तरायुष्यात त्यांनी देशाविषयी कादंबरी लिहिणे जवळजवळ थांबवले. तरीही, किंबहुना त्यामुळेच, ते मला निर्वासिताच्या अनुभवाचे फार खोल भाष्यकार वाटतात.

प्रथम चरित्राचा थोडा तपशील. पश्चिम एस्टोनियातील पाद्रेमा या खेड्यात १६ ऑक्टोबर १९१२ रोजी रिस्तिकिवि यांचा जन्म झाला. आई दुसऱ्यांच्या शेतावर राबणारी मोलकरीण आणि अविवाहित, त्यामुळे वडिलांचे नाव लागण्याचा प्रश्न नव्हता. घर म्हणजे दुसऱ्याच्या वाड्यातला एक कोपरा, हा अनुभव त्यांना देश सुटण्याच्या कितीतरी आधी आलेला होता. सुरुवातीला त्यांनी मुलांसाठी प्राण्यांच्या गोष्टी लिहिल्या. टार्टू विद्यापीठात साहित्य न शिकता भूगोल शिकले. १९३८ मध्ये ‘अग्नी आणि लोखंड’ ही त्यांची पहिली कादंबरी आली, तिला कादंबरीस्पर्धेतला पुरस्कार मिळाला आणि पंचविशीतला हा तरुण एकदम प्रकाशात आला. एस्टोनियन कादंबरीचे अध्वर्यू आंतोन हान्सेन तम्मसारे तेव्हा हयात होते. त्यांचा वारसदार म्हणून रिस्तिकिविंकडे पाहिले जाऊ लागले.

पुढच्या चार वर्षांत आणखी दोन कादंबऱ्या आल्या आणि टॅलिन शहराची एक त्रयी पुरी झाली. पहिलीत खेड्यातून शहरात आलेला कामगार युरी सावेल आहे, दुसरीत व्यापारी याकोब कादारिक आहे, तर १९४२ मधील ‘रोहताएद’ या तिसरीत अभिजात भाषा शिकवणारा शिक्षक युलियस किलिमित आहे. कामगार, व्यापारी आणि बुद्धिजीवी या तीन थरांमधून एका छोट्या राष्ट्राचे नागरी जीवन कसे घडले याचे हे चित्र आहे. दुसरी कादंबरी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली ती ‘परक्या घरात’ या नावाने. नंतर तिचे नाव बदलले. पण ज्या वर्षी सोव्हिएत फौजांनी एस्टोनियाचे स्वातंत्र्य संपवले त्याच वर्षी एका एस्टोनियन कादंबरीवर हे नाव छापले जावे, हा योगायोग पुढचे सारे आयुष्य पाहता अंगावर येतो.

१९४० मध्ये सोव्हिएत सत्ता आली, १९४१ मध्ये जर्मन आले, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत सैन्य येऊन ठेपले. रिस्तिकिवि १९४३ च्या अखेरीस फिनलंडला गेले आणि १९४४ मध्ये तेथून स्वीडनला पोचले. त्या काळात सुमारे ७०,००० एस्टोनियन माणसे देश सोडून गेली. छोट्या होड्यांतून बाल्टिक समुद्र ओलांडणाऱ्यांत लेखकांचे प्रमाण लक्षणीय होते. श्रेष्ठ कवयित्री मारी उंडर, कादंबरीकार आउगुस्त गाइलित, कवी बेर्नार्द कांग्रो आणि कालियू लेपिक हे सारे स्वीडनमध्ये आले. आज ज्या भाषेचे भाषक सुमारे अकरा लाख आहेत, त्या भाषेच्या साहित्याचा मोठा हिस्सा असा एका रात्रीत समुद्रापार गेला.

येथे एक गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. या लेखकांनी भाषा बदलली नाही. कांग्रो यांच्या पुढाकाराने लुंड या स्वीडिश विद्यापीठनगरात ‘एस्टोनियन लेखक सहकारी संस्था’ उभी राहिली आणि ‘तुलिमुल्द’ हे नियतकालिक १९५० पासून निघू लागले. दूरदूर विखुरलेले वाचक टपालाने पुस्तके मागवीत. पुस्तकांचे दुकान, ग्रंथालय, विद्यापीठ, समीक्षक अशी जी यंत्रणा आपण साहित्यामागे गृहीत धरतो, तिच्यातले फारच थोडे शिल्लक असताना हे साहित्य चालले. रिस्तिकिवि स्वतः पोटासाठी स्टॉकहोमलगतच्या सोल्ना येथे आरोग्यविम्याच्या कचेरीत कारकुनी करत. लग्न केले नाही. दिवसा फायली आणि उरलेल्या वेळात एस्टोनियन कादंबरी, असे त्यांचे आयुष्य गेले. १९५४ मध्ये त्यांनी एस्टोनियन साहित्याचा एक इतिहासही लिहून काढला. मायदेशातले ग्रंथसंग्रह हाताबाहेर गेलेले असताना साहित्याचा इतिहास लिहिणे हे कोणत्या प्रतीचे काम आहे, हे अध्यापकांना वेगळे सांगायला नको.

स्वीडनमध्ये आल्यावर प्रारंभी त्यांनी अपेक्षित तेच केले. ‘जे जे कधी होते’ (१९४६) आणि ‘काहीच घडले नाही’ (१९४७) या दोन कादंबऱ्या स्वतंत्र एस्टोनियाच्या अखेरच्या दिवसांवर आहेत. बेत त्रयीचा होता, परंतु तिसरा भाग लिहिला गेला नाही. या न लिहिलेल्या पुस्तकाला मी फार महत्त्व देतो. स्मृतीवर उभे राहणारे लेखन कुठवर जाऊ शकते याची सीमा तेथे दिसते. पहिल्या दोन भागांची शीर्षकेच पाहावीत. जे होते ते सांगून झाले, आणि मग काहीच घडले नाही असे म्हणून झाले. यापुढे जो विनाश आहे तो त्याच चालीच्या, त्याच वास्तववादी कथनात बसवता येईल का, असा प्रश्न लेखकापुढे आला असावा. ज्या समाजाची सलगता तुटली आहे त्याची कथा सलग कादंबरीच्या घाटात सांगणे म्हणजे वाचकाला खोटा दिलासा देणे होय. रिस्तिकिविंनी तो दिला नाही.

त्यानंतर १९५३ मध्ये ‘आत्म्यांची रात्र’ ही कादंबरी आली. एस्टोनियन भाषेत हे शीर्षक ‘हिंगेदे ओ’ असे आहे. नववर्षाच्या पूर्वसंध्येला स्टॉकहोमच्या गर्दीतून एक माणूस एकटाच भटकतो आहे. एका अनोळखी घराचे दार उघडे दिसते, आत संगीताची मैफल चालू आहे, तो आत शिरतो. मग एका दालनातून दुसऱ्यात, जिन्यावरून जिन्यावर असा त्याचा प्रवास सुरू होतो. आपण कोण, येथे कशासाठी आलो, याचा नीट खुलासा त्याला करता येत नाही. माणसे भेटतात पण संभाषण धड जुळत नाही. पहिल्या भागाचे नाव ‘मेलेल्या माणसाचे घर’ असे आहे. दुसऱ्या भागात खटला उभा राहतो, सात साक्षीदार येतात, आणि ते ख्रिस्ती परंपरेतल्या सात महापातकांशी जोडलेले आहेत. या दोन भागांच्या मध्ये लेखकाने चक्क एक पत्र घातले आहे. अग्नेस रोहुमा नावाच्या वाचक बाईंना उद्देशून लिहिलेले हे पत्र म्हणजे लेखकाने भर कादंबरीत थांबून दिलेली कैफियतच आहे.

या कादंबरीची चर्चा करताना काफ्काचे नाव हटकून घेतले जाते. साम्य आहेच. पण मला येथे एस्टोनियन लोकपरंपरेतला एक संदर्भ अधिक महत्त्वाचा वाटतो. शरद ऋतूच्या उत्तरार्धात तिकडे ‘आत्म्यांचा काळ’ पाळण्याची जुनी चाल आहे. त्या दिवसांत गेलेली माणसे आपापल्या घरी येतात अशी श्रद्धा होती. त्यांच्यासाठी अन्न मांडून ठेवायचे, घरात आवाज करायचा नाही, असे नेम होते. आपल्याकडचा पितृपंधरवडा ठाऊक असलेल्या वाचकाला यातला भाव समजावून सांगावा लागू नये. आता रिस्तिकिविंनी काय केले आहे ते पाहा. त्यांच्या कादंबरीत घरी परतणारा आत्मा नाही. परक्या शहरात, परक्या घरात शिरलेला एक जिवंत माणूस आहे, आणि त्याच्यासाठी तेथे कोणी पान वाढून ठेवलेले नाही. निर्वासिताची अवस्था सांगण्यासाठी त्यांना मायदेशाचे एकही निसर्गवर्णन लागत नाही. जिवंत असूनही आपण आता केवळ पाहुण्या आत्म्यासारखे उरलो आहोत, आणि पाहुण्याचाही मान आपल्याला नाही, एवढी जाणीव पुरते. शिवाय कादंबरी तेथे थांबत नाही. ती या माणसाला साक्षीदारांपुढे उभे करते. अन्याय झालेला माणूस म्हणून त्याला आपोआप निर्दोष ठरवत नाही. निर्वासितांच्या साहित्यात ही गोष्ट विरळा आहे. म्हणूनच १९५३ चे हे पुस्तक आजही जुने वाटत नाही. २०१९ मध्ये त्याचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध झाला.

यानंतर आठ वर्षे त्यांची एकही कादंबरी आली नाही. १९६१ मध्ये मौन सुटले ते ‘जळती पताका’ या कादंबरीने, आणि वाचक एकदम तेराव्या शतकातल्या इटलीत जाऊन पोचला. होहेनश्टाउफेन घराण्याचा अखेरचा वारस कोनराडिन आपले राज्य परत मिळवण्यासाठी आल्प्स ओलांडून खाली उतरतो, ताल्याकोत्सोच्या लढाईत हरतो, आणि २९ ऑक्टोबर १२६८ रोजी नेपल्समध्ये त्याचा शिरच्छेद होतो. तेव्हा तो सोळा वर्षांचा असतो. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘अखेरचे नगर’ या कादंबरीचा विषय १२९१ मधील आक्रा शहराचा पाडाव हा आहे. पूर्व भूमध्य किनाऱ्यावरचे क्रूसेडरांचे हे शेवटचे मोठे ठाणे. १९६३ च्या ‘मृत्यूचे स्वार’मध्ये कॅटलन भाडोत्री सैनिकांची टोळी बायझंटाइन साम्राज्यात धुमाकूळ घालते. त्यानंतरच्या त्रयीत सिएनाची संत कॅथरिन आहे, जिने अविन्यों येथे राहणाऱ्या पोपला रोमला परतण्याचा आग्रह धरला होता. शेवटच्या त्रयीतील ‘ड्रॅगनचे दात’ (१९७०) या कादंबरीत तर एक कॅटलन लेखक, त्याचे हस्तलिखित आणि त्याचा अनुवाद असा आरशात आरसा दाखवणारा खेळ आहे. या मालेत १९६१ ते १९७२ या अवधीत नऊ कादंबऱ्या झाल्या. १९६४ ची ‘चमत्कारांचे बेट’ त्यांच्या मधोमध येते आणि १९७६ ची ‘रोमची दैनंदिनी’ त्यांच्या शेवटी. एकूण सतरा कादंबऱ्यांचा हा लेखक १९ जुलै १९७७ रोजी सोल्ना येथे मरण पावला. एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला तो १९९१ मध्ये, म्हणजे त्यानंतर चौदा वर्षांनी.

या उत्तरकालीन लेखनाविषयी दोन प्रकारची मते संभवतात. पहिले मत असे की हा पलायनवाद आहे. देश परकीय सत्तेखाली असताना, सैबेरियात पाठवलेल्यांचे हाल चालू असताना, एखाद्या एस्टोनियन लेखकाने होहेनश्टाउफेन राजपुत्राची चिंता वाहावी हे कसले लक्षण? दुसरे मत पहिल्याच्या उलट, पण हेतूने त्याच्याच जवळचे. या मताप्रमाणे या कादंबऱ्या म्हणजे सांकेतिक भाषा आहे. आक्रा म्हणजे टॅलिन, शहराला वेढा घालणारे म्हणजे सोव्हिएत फौजा, जहाजातून निसटणारे नागरिक म्हणजे १९४४ चे निर्वासित. हे मत लेखकाला आरोपातून सोडवते आणि पुन्हा आपल्या यादीत बसवून घेते.

मला दोन्ही मते अपुरी वाटतात. दुसरे तर अधिकच धोक्याचे, कारण ते स्तुतीच्या रूपाने येते. सांकेतिक भाषेची गरज ज्याला उघड बोलण्याची बंदी आहे त्याला असते. रिस्तिकिवि स्वीडनमध्ये होते. त्यांना टॅलिनविषयी लिहायचे असते तर कोणी अडवले नसते. त्यांनी आक्रा निवडले ते आक्रासाठीच. पण ज्या माणसाने स्वतःचे शहर जाताना पाहिले आहे त्याला आक्राविषयी असे काही दिसते, जे सुरक्षित घरात बसलेल्या इतिहासकाराला सहजी दिसणार नाही. शहर पडणार हे सर्वांना ठाऊक असताना बाजार कसा चालू राहतो, जुनी भांडणे कशी संपत नाहीत, आपण ज्यासाठी लढतो आहोत ते टिकवण्यालायक तरी आहे का हा प्रश्न शूर माणसाच्याही मनात कसा येतो, या गोष्टी तो आतून जाणतो. म्हणजे येथे मध्ययुग हे वर्तमानाचा बुरखा म्हणून आलेले नाही. वर्तमानातल्या दुःखामुळे मध्ययुग समजून घेण्याची पात्रता आलेली आहे. वरवर पाहता हा फरक बारीक वाटेल, परंतु सारा प्रश्न त्याच्यावरच ठरतो. पहिल्या पद्धतीत परक्याचे दुःख आपल्या दुःखाचे साधन होते. दुसऱ्या पद्धतीत आपले दुःख परक्याच्या दुःखापर्यंत पोचण्याची वाट होते.

मराठी वाचकाला ही भूमिका थोडी अनोळखी वाटण्याचा संभव आहे. ज्या १९६२ साली ‘अखेरचे नगर’ लुंडमध्ये प्रसिद्ध झाली त्याच साली आपल्याकडे रणजित देसाई यांची ‘स्वामी’ आली आणि ऐतिहासिक कादंबरीला नवा बहर आला. आपली ऐतिहासिक कादंबरी बहुतांशी आपल्याच पूर्वजांना भेटायला जाते. वाचक तिच्यात आपले गतवैभव आणि आपल्या जखमा शोधतो. यात गैर काही नाही, पण त्यामुळे इतिहास म्हणजे स्वतःच्या समाजाची मिळकत अशी एक सवय लागते. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने परिसराशी असलेल्या नात्याला साहित्यमूल्याचा दर्जा दिला. मग ज्याचा परिसरच हिरावला गेला त्याच्या लेखनाकडे आपण कसे पाहणार? रिस्तिकिविंच्या कादंबऱ्यांत एस्टोनियाची माती क्वचितच दिसते, परंतु वाक्यावाक्यात एस्टोनियन भाषा आहे. सिएना, नेपल्स, आक्रा, बायझंटियम हा सारा पसारा त्यांनी मूठभर निर्वासितांच्या भाषेत आणून ठेवला, जिच्यातले पुस्तक मायदेशात मुक्तपणे विकले जाणे शक्य नव्हते. आपली भाषा लहान आहे, तेव्हा तिने आपल्यापुरतेच बोलावे, हा संकोच त्यांनी मानला नाही. माझ्या मते ही देशीयताच आहे. तिचे ठिकाण मात्र जमिनीतून भाषेत हललेले आहे.

या मार्गाची किंमतही सांगितली पाहिजे, नाहीतर हे केवळ गुणगान ठरेल. रिस्तिकिविंच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतले नायक पुष्कळदा एकमेकांसारखे वाटतात. हरलेल्या पक्षाच्या सावलीत उभा असलेला, निष्ठावान पण साशंक, घटना घडवण्याऐवजी त्या पाहणारा तरुण पुन्हा पुन्हा भेटतो. काही ठिकाणी तपशिलांचे ओझे भावनेवर पडते. त्याहून मोठी उणीव अशी की ज्या निर्वासित समाजात ते तीस वर्षे राहिले, त्या समाजाचे रोजचे जगणे त्यांच्या कादंबऱ्यांत जवळजवळ आलेच नाही. स्वीडनमधल्या कारखान्यात खपणारा एस्टोनियन शेतकरी, मुलांच्या तोंडची भाषा बदलताना पाहणारी आई, संघटनांमधले हेवेदावे, हे सारे एका समर्थ वास्तववादी कादंबरीकाराच्या डोळ्यांसमोर होते. टॅलिन त्रयी लिहिणारा हात ते लिहू शकला असता. त्याने ते लिहिले नाही, आणि ती जागा रिकामी राहिली. हे नुकसान आपण मान्य करावे. परंतु लेखकाने काय लिहायला हवे होते याचा हिशेब करताना त्याने जे लिहिले त्याचे मोल उणे करू नये.

आपल्या अभ्यासक्रमांत निर्वासितांचे वा स्थलांतरितांचे साहित्य शिकवले जाते तेव्हा स्मरणरंजन, मुळांचा शोध, दुभंगलेली ओळख अशा काही शब्दांची एक तयार चौकट विद्यार्थ्याच्या हाती दिली जाते. परीक्षेला ती उपयोगी पडते. रिस्तिकिवि या चौकटीत बसत नाहीत, आणि म्हणून त्यांचा परिचय असणे मला गरजेचे वाटते. ज्याचे घर गेले आहे त्याला आपल्या घराखेरीज दुसऱ्या कोणाच्या घराविषयी बोलण्याचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्या सतरा कादंबऱ्या आपल्यापुढे ठेवतात. तो अधिकार नाही असे म्हणणाऱ्याने निर्वासिताला आयुष्यभर निर्वासितच ठेवले आहे. सोल्नाच्या एका विमा कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाने तो अधिकार कोणाकडे मागितला नाही. त्याने तो सरळ वापरला, आणि तोही आपल्याच भाषेत.